डाव्या बाजूची खाच

माझ्या भावानं बायकोचा जबडा मोडला, त्या दिवशी आमच्या सरांच्या पेपरला तीन हजार दोनशे साइटेशन पूर्ण झाले होते. दोन्ही बातम्या मला एकाच सकाळी मिळाल्या. सर चॉकलेटचा डबा घेऊन प्रयोगशाळाभर फिरत होते आणि माझ्या कानाला फोन होता. फोनवर भावजय. तिला धड बोलताच येत नव्हतं, नुसता घशातून आवाज. सरांनी माझ्या हातात चॉकलेट ठेवलं आणि म्हणाले, "तुमचाही वाटा आहे हो यात." मी ते खिशात कोंबलं आणि दवाखान्याकडे पळाले.

साइटेशन म्हणजे काय ते आधी सांगून टाकते. मलाही इथं नोकरीला लागल्यावरच कळलं. जगात कुठंही कुणी पेपर, म्हणजे शोधनिबंध, लिहिला आणि त्यात 'हे अमक्यानं आधीच दाखवलंय' म्हणून तुमच्या पेपरचा उल्लेख केला, की तुमचा आकडा एकानं वाढला. हा आकडा म्हणजे सरांचा जीव की प्राण. केबिनच्या दाराशेजारी त्यांनी स्क्रीन लावून घेतला होता, त्यावर तो दिवसभर झळकायचा. जेवायला जाताना बघायचे, हात धुऊन येताना बघायचे. आम्ही मागून त्यांना आकडेसर म्हणायचो. तोंडावर म्हणायची कुणाची टाप!

आणि मी? मी मेंदू कापायचे. उंदरांचे. तेवीस वर्षं. गोठवलेला मेंदू यंत्रावर बसवायचा, केसाच्या निम्म्या जाडीचे काप काढायचे, पाण्यात सोडायचे आणि ब्रशनं उचलून काचेवर पसरायचे. शास्त्रज्ञ आले आणि गेले, पण माझ्यासारखा काप कुणाला जमला नाही. हा माझा गर्व आहे, आणि त्यापायीच तर सगळं झालं.

पाण्यात तरंगणारा काप पालथा पडला तर डावं उजवं होतं, उजवं डावं. दोन्ही बाजू सारख्याच, ओळखायचं कसं? म्हणून कापण्याआधी मेंदूच्या एका बाजूला सुईनं छोटी खाच पाडतात. आमच्याकडे नियम असा, की खाच म्हणजे उजवी बाजू. इतकी साधी गोष्ट.

ज्या पेपरनं सर मोठे झाले, तो पेपर रागाचा होता. पिंजऱ्यात एक नर उंदीर महिनाभर एकटा ठेवायचा. तो झाला मालक. मग त्याच्या पिंजऱ्यात दुसरा नर सोडायचा. तो पाहुणा. पुढची दहा मिनिटं बघवत नसत. आधी मालक अंग फुगवून आडवा चालत येई, मग एकदम झडप. मानेत दात, पाठीत दात, पोट वर झालं की पोटात. भुसा लाल होई. पाहुण्याचं किंचाळणं कानाला ऐकू येतं त्याच्यापेक्षा जास्त असतं म्हणे, आपल्याला त्यातलं थोडंच कळतं. मला तेवढं थोडंही पुरे व्हायचं. घंटा वाजली की मालकाला मारायचं, मेंदू काढायचा, कापायचा, रंगवायचा. भांडताना ज्या पेशी पेटल्या त्या तपकिरी दिसतात. चाळीस मेंदू कापले मी, इथं लागल्यावर पहिल्याच महिन्यात. चाळिसांत तपकिरी ठिपका एकाच बाजूला होता. डाव्या. सरांनी लिहिलं, रागाचं घर डावीकडे आहे. पेपरच्या शेवटी बारीक अक्षरात माझे आभारही मानले होते, कापांसाठी.

माझा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. सहा वर्षांपूर्वी वरून कप्पी निसटली आणि त्याच्या डोक्यात बसली. टाके पडले, जखम भरली, सगळे म्हणाले वाचला बाबा. पण वाचला तो वेगळाच माणूस होता. हसता हसता डोळे बदलायचे, की संपलं. मग समोर भिंत असो, खुर्ची असो, माणूस असो. माझं मनगट त्यानंच मोडलं, का तर मी त्याला "अरे, हळू जेव" म्हणाले. शेजाऱ्याच्या कानाचा तुकडा पाडला. स्वतःची नऊ वर्षांची पोर घरातसुद्धा बूट काढत नसे, पळायला बरं पडतं म्हणून. आणि भान आलं की तो असा काही रडायचा, की मारलेल्या माणसानं त्याचीच समजूत काढावी. भावजयीनं सहा वर्षं तेच केलं. त्या दिवशी त्यानं तिचं डोकं धरून ओट्याच्या कडेवर आपटलं, तेव्हा मात्र दवाखान्यात ती मला तारेनं बांधलेल्या जबड्यातून म्हणाली, "ताई, आता बास."

मीच धावपळ केली. आमच्या इमारतीमागच्या रस्त्यापलीकडे मोठं रुग्णालय आहे, तिथं एक सर्जनबाई सरांच्या पेपरवरून चाचणी सुरू करणार होत्या. औषधाला न बधणारा राग असलेल्या माणसाच्या मेंदूत डाव्या बाजूला तेवढा ठिपका जाळायचा. पहिला रुग्ण हवा होता. मी धाकट्याला घेऊन गेले. सरांचा पेपरही नेला, शेवटच्या पानावरचं माझं नाव दाखवलं. तो म्हणाला, "ताई, तू कापलेलं आहे ना, मग मी डोळे मिटून सही करतो." आणि केली.

ऑपरेशन मंगळवारी दोन वाजता होतं. मी रजा मागितली. सर म्हणाले, "अहो, बुधवारी समिती येतेय. मला संचालक करायचं की नाही ते ठरणार आहे, आणि तुम्हाला रजा सुचतेय? मूळ काचा सूक्ष्मदर्शकाखाली मांडायच्या आहेत. पुसून, तपासून ठेवा. मग जा एक वाजता." त्यांना धाकट्याचं सगळं ठाऊक होतं. अभिमानानं लोकांना सांगायचेही, माझ्या पेपरवर माणसाचं ऑपरेशन होतंय म्हणून.

तर मंगळवारी सकाळी मी त्या चाळीस काचांची जुनी पेटी काढली. वर्षानुवर्षं कुणी उघडली नव्हती. काच पुसायची, डोळ्यांखालून घालायची, वहीतली नोंद बघायची, पुढची घ्यायची. साडेअकराला एकोणीस नंबर हातात आला. एकोणीस मला आठवत होता. त्याच्या पिंजऱ्यात सोडलेला पाहुणा त्याच्यापेक्षा दांडगा निघाला होता, आणि मालकालाच फाडलं होतं त्यानं. वहीत माझंच अक्षर: 'डावा कान तुटला. कानामागे दात हाडातून आत.' म्हटलं बघू तरी दाताची जखम दिसते का. दिसली. मेंदूच्या कडेला स्वच्छ गोल भोक होतं. आणि त्याच बाजूला, भोकापासून केसभर अंतरावर, खाच.

मी काच उलटून बघितली. मूर्खासारखी परत सुलटी केली. जखम डावीकडे, आणि खाच जखमेच्या बाजूला. म्हणजे खाच डावीकडे. आणि तपकिरी ठिपका खाचेच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे उजवीकडे.

मग मला सगळं आठवलं. आधी मी जनावरांच्या दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत होते. तिथं खाच डावीकडे पाडायचे. आठ वर्षं पाडली होती, हात आपोआप तिकडे जायचा. इथं आल्यावर पहिला महिना मी तशीच पाडत गेले असणार. महिन्यानं भिंतीवर सूचनांचा कागद लागला, 'खाच उजवीकडे', आणि त्या दिवसापासून मी उजवीकडे पाडायला लागले. आधीचे चाळीस? कुणी विचारलं नाही. मला सुचलं नाही. शंभर वेळा सांगा, हजार वेळा सांगा, चूक माझी आहे. पण तेवीस वर्षांत त्या पेपरवर इमले चढवणाऱ्या तीन हजार दोनशे जणांतल्या एकालाही मूळ काच बघावीशी वाटू नये?

खोटं कशाला बोलू, एकाला वाटलं होतं. आमच्याकडे एक उंच, किरकोळ शरीराचा संशोधक होता, त्याला आम्ही लंबू म्हणायचो. सात वर्षांपूर्वी त्यानं तोच प्रयोग नव्यानं केला. त्याला ठिपका उजवीकडे मिळाला. बिचारा माझ्याकडेच आला आधी. "बाई, तुमच्याकडून खाच..." एवढंच म्हणाला. मी त्याला पुढं बोलू दिलं नाही. "माझा हात चुकत नाही," म्हणाले, "तुझाच काप पालथा पडला असेल, शीक आधी." सरांनी सगळ्यांसमोर त्याला तेच ऐकवलं, आणि तो ऐकेना तेव्हा काचांचा ट्रे उचलून त्याच्या तोंडावर फेकला. भुवई फाटली त्याची. रक्त पुसत उभा होता, तरी म्हणत होता, उजवीकडेच आहे. नंतर तो शाळेत शिकवायला गेला. जाण्याआधी कुठल्याशा बारक्या नियतकालिकात त्यानं ते छापून आणलं. साइटेशन एक, तोही त्यानं स्वतःच स्वतःला दिलेला. यावर आम्ही किती हसलो होतो!

पावणेबारा झाले होते. मी रुग्णालयात फोन लावला. डॉक्टरबाई ऑपरेशनच्या तयारीत आहेत, निरोप ठेवते, असं कुणीतरी म्हणालं आणि फोन ठेवला. मी तरी कोण? कापणारी बाई. सरांचा एक फोन गेला असता तर लगेच थांबलं असतं. मी पेटी आणि वही उचलली आणि केबिनमध्ये घुसले.

"सर, एकोणीस नंबर बघा."

"काय झालं? काच फुटली का?"

"काच धड आहे. पेपर फुटलाय."

त्यांनी टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून बघितलं. वही वाचली. माणूस हुशार, दोन मिनिटांत समजलं. तोंडावरचा रंग उतरला. मग ते उठले आणि दार लावून घेतलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"उद्या समिती आहे," ते म्हणाले. "परवा शांतपणे बसू."

"परवा? आज दोन वाजता त्याची कवटी उघडणार आहेत, सर. चुकीच्या बाजूला जाळणार आहेत. फोन करा."

"एका उंदरावरून काही ठरत नाही."

"मग चाळीसही तपासा. पण आधी फोन करा."

"अहो, मेंदू लवचीक असतो. डावं काय आणि उजवं काय, जुळवून घेतो तो."

"मग तीन हजार दोनशे लोक डावं डावं म्हणून काय बोंबलतायत?"

त्यांनी सूक्ष्मदर्शकाखालून एकोणीस काढली, दोन बोटांत धरली आणि मटकन मोडली. तुकडे खाली टाकले आणि बुटाच्या टाचेनं रगडले. माझ्यादेखत! मग ड्रॉवर उघडून पेटी आत सरकवायला लागले.

माझ्या डोळ्यांसमोर काय आलं ते मला नीट सांगता येत नाही. धाकट्याला तसंच होत असेल का? मी कंबरेनं ड्रॉवर ढकलला. त्यांचा हात आतच होता. हाड मोडल्याचा आवाज मी ओळखते, माझ्या मनगटाचा ऐकलाय. ते ओरडले. मी ड्रॉवर मागे घेतला आणि पुन्हा ढकलला. दुसऱ्या खेपेला गरज नव्हती, तरी ढकलला. त्यांनी दुसऱ्या हाताची मूठ माझ्या तोंडावर मारली, ओठ फुटला, पुढचा दात हलला. केस धरून माझं डोकं टेबलावर दाबलं. "बावळट बाई," म्हणत होते, "चूक तुझी आहे, तुझी, माझं आयुष्य..." मोडलेल्या हाताचा अंगठा माझ्या तोंडाशी आला. मी चावले. हो, चावले, हाडाला दात लागेपर्यंत चावले, आणि सोडलं नाही. शेवटी त्यांनीच केस सोडले. मी पेटी ओढून काढली, वही बगलेत मारली आणि पळत सुटले. मागून सगळे दारात गोळा झाले होते. कुणी अडवलं नाही, बहुतेक माझं तोंड बघून.

त्यांची तीन बोटं कायमची वाकडी झाली. पोलीस, चौकशी, सगळं झालं, माझी नोकरीही गेली. पेपर मागे घ्यायला आठ महिने लागले, आणि त्या आठ महिन्यांत त्याला आणखी दोनशे साइटेशन मिळाले. ते राहू दे.

रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर मी पोचले तेव्हा साडेबारा वाजले होते. धाकटा ट्रॉलीवर होता. डोकं तुळतुळीत केलेलं, डाव्या बाजूला जांभळ्या शाईची फुली. सर्जनबाईंनी माझा रक्तानं माखलेला अ‍ॅप्रन बघितला आणि आधी मलाच बसवायला लागल्या. मी उभ्यानंच सांगितलं. वही दाखवली, पेटी दाखवली, एकोणीसचं काय झालं तेही सांगितलं. बाई पेटीतल्या काचा एकेक करून उजेडाला धरत गेल्या. सोळा नंबरवर थांबल्या. त्याच्याही डाव्या कानामागे दात आत घुसला होता, तशी नोंद होती, आणि भोक खाचेच्या बाजूला होतं. बाईंनी हातमोजे काढले.

"थांबवा," त्या आपल्या माणसांना म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तुम्ही आला नसता तर..."

धाकटा सगळं ऐकत होता. त्याला भूल अजून दिली नव्हती.

"मग उजवीकडे करा ना," तो म्हणाला. आवाज अगदी शांत. "फुली इकडची तिकडे करायची. त्यात काय?"

"तसं नाही करता येत," बाई म्हणाल्या. "उजवीकडे आहे असं कुणीतरी दाखवलेलं लागतं."

"आहे," मी म्हणाले, "लंबूचा पेपर आहे." बाईंनी फोनवर शोधला. तिथंच उभ्यानं वाचला.

"साइटेशन एक," त्या म्हणाल्या. "काम स्वच्छ दिसतंय. पण यावर मला कुणी परवानगी देणार नाही. याच्या मूळ काचा कुठं आहेत? त्या मिळाल्या तर निदान आमच्या रुग्णालयाच्या समितीपुढे मी उभी राहीन."

लंबू गेल्यावर सरांनी त्याचं कपाट रिकामं करायला सांगितलं होतं. बाराशे काचा होत्या. त्या टोपलीत ओतणारी मीच. वरून म्हणालेही होते, कचरा तो कचरा.

"नाहीत," मी म्हणाले. "मी टाकल्या."

"मग कुणाला तरी सगळं पहिल्यापासून करावं लागेल. तीन वर्षं, चार वर्षं."

धाकट्याचे डोळे बदलले. मी ते बघितलं आणि हललेही नाही. त्यानं ट्रॉलीवरून झेप घेतली, आम्ही दोघं जमिनीवर पडलो, त्याचे दोन्ही अंगठे माझ्या गळ्यात. "तू कापलंस ना! तू कापलंस ना!" एवढं एकच. माझं डोकं फरशीवर आपटत होतं, मी मोजत नव्हते. पेटी कुठंतरी उडाली आणि काचांचा सडा पडला, त्याचे गुडघे त्याच काचांवर घासत होते. चौघांनी त्याला ओढलं. त्यातल्या एकाचं नाक त्यानं डोक्यानं फोडलं. पाचव्यानं दंडात सुई टोचली, तरी मिनिटभर माझे केस त्याच्या मुठीत होते. मी सोडवून घेतले नाहीत. म्हटलं, मार, मला मार, आज तुझा हक्क आहे.

तो निपचित झाल्यावर मी बाहेर आले. बाकावर भावजय बसली होती, जबडा अजून तारेत. तिला आतलं सगळं ऐकू गेलं होतं.

"ताई," ती दातांतून म्हणाली, "मला डावं-उजवं काही कळत नाही. हा आता घरी येणार का, तेवढं सांगा."

मला तिच्याकडे बघवेना. सहा वर्षं हिनं सोसलं आणि आज सकाळी पहिल्यांदा पोरीला म्हणाली असेल, झालं गं, आता बाबा बरा होणार.

"नाही," मी म्हणाले. "माझ्याकडे येईल."

"किती दिवस?"

"कायमचा."

तिनं आभार मानले असते तर मी मेलेच असते. तिनं पिशवी उचलली, जिन्यापर्यंत गेली, तिथून एकदा वळून बघितलं आणि घाईघाईनं उतरली. मला राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर धावतच सुटले असते.

चारच्या सुमाराला त्याला जाग आली. मनगटं पट्ट्यांनी पलंगाला बांधलेली होती. गुडघ्यांतून काचा काढून मलमपट्टी केली होती. त्यानं माझ्याकडे बघितलं, माझ्या गळ्यावरचे वळ बघितले, आणि काही आठवेना म्हणून घाबरला.

"ताई, झालं का ऑपरेशन?"

"नाही रे राजा. नाही झालं."

फुली अजून डोक्यावर तशीच होती.

"मग आता?"

"आता घरी. माझ्या. दोन खोल्या आहेत, एक तुझी."

"एकटीच असतेस तू तिथं."

"हो. मग?"

त्यानं हात हलवायचा प्रयत्न केला, पट्टा ताणला गेला. मग अगदी हळू, लहानपणी काही मागायचं असलं की मागायचा तसं, विचारलं, "त्या खोलीला बाहेरून कडी आहे ना गं?"

"नाही," मी म्हणाले. "उद्या सुताराला बोलावू."

"उद्या नको," तो म्हणाला. "आजच बोलाव."